चौथ्या मुद्द्याचा खुलासा

सोमवार, ३ फेब्रुवारी

आज सरकारी रुग्णालयात खरेदी अधिकारी म्हणून रुजू झालो. आतापर्यंतची सगळी नोकरी रस्ते खात्यात डांबर, खडी आणि रोलरचे सुटे भाग विकत घेण्यात गेली. आता सलाईनच्या बाटल्या, चादरी आणि खाटा. फरक फारसा नसावा. वस्तू बदलते, निविदा तीच.

रोजनिशीची सवयही रस्ते खात्यातलीच. माझे पहिले साहेब म्हणायचे, "फाइलीत जे लिहायचं ते लिही, पण खरं काय झालं ते घरी लिहून ठेव. चौकशी लागली की आपलंच डोकं आपल्याला दगा देतं." माझी चौकशी कधी लागली नाही. सवय मात्र राहिली.

खोली तळमजल्यावर. खिडकीतून धुलाईघराचं अंगण आणि तिथल्या वाळत घातलेल्या चादरी दिसतात. टेबलाचा एक पाय आखूड आहे, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. दुपारपर्यंत स्टोअरकीपरने माझं नाव ठेवलं : डांबरसाहेब. मला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, पण बेत फसला.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पहिलं मोठं काम आलं. तीन वॉर्डांच्या खाटा बदलायच्या आहेत. जुनी फाइल काढली, खाट कशी हवी याचं गेल्या वेळचं वर्णन जसंच्या तसं टाइप करून मंजुरीसाठी वर पाठवलं. तासाभरात मेट्रनबाई ते कागद हातात घेऊन माझ्या दारात उभ्या.

"हे कोणी लिहिलंय?"

"गेल्या वेळचंच आहे."

"मग चूकही गेल्या वेळचीच आहे. चला वर."

वर नेऊन त्यांनी मला एका रिकाम्या खाटेवर झोपवलं. बूट काढायलाही सांगितलं. स्टोअरकीपरला पायथ्याशी उकिडवं बसवून खाटेखालचं हँडल फिरवायला लावलं. पाठीकडचा भाग हिसके देत वर येऊ लागला आणि मी हळूहळू खाली घसरलो. पाय कठड्याला टेकले तेव्हा थांबलो.

"आता तुम्ही सत्तर वर्षांचे आहात आणि पोटावर टाके आहेत," मेट्रनबाई म्हणाल्या. "हँडल फिरवणाऱ्या नर्सला तुमचा चेहरा दिसतोय का?"

दिसत नव्हता. स्टोअरकीपरला माझे मोजे दिसत होते. त्यातला एक फाटका होता, हे मला त्या वेळी कळलं.

त्यांचं म्हणणं असं : खाट उचलायची सोय बाजूला हवी आणि पायाने दाबायची हवी. म्हणजे नर्स उभी राहील, तिचे हात पेशंटला धरतील आणि डोळे त्याच्या चेहऱ्यावर राहतील. मागणी रास्त आहे. वर्णन मागे घेतलं.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

वॉर्डात मोजमाप घेतलं. मी जाताना पाणसळ घेऊन गेलो होतो. रस्त्याचा उतार बघायची खोड. वॉर्डाची फरशी नळाच्या बाजूला उतरती निघाली. म्हणजे दोन चाकांना ब्रेक असून भागणार नाही, चारही चाकांना हवेत. हे मेट्रनबाईंना माहीत नव्हतं. इतकी वर्षं खाटा आपोआप का सरकतात म्हणून त्या सफाईवाल्यांना बोलत आल्या होत्या. त्यांनी गुडघ्यावर बसून पाणसळीतला बुडबुडा स्वतः पाहिला आणि म्हणाल्या, "म्हणजे मला सगळ्यांची माफी मागायला हवी." आणि खरोखरच जाऊन मागितली. असं करणारा अधिकारी मी पाहिलेला नाही.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

वॉर्डात पुन्हा गेलो. मोजमाप बरोबर होतं.

मी दादा आणि वहिनींकडे राहतो. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर वेळ मिळाला नाही असं सांगतो. लोक हसतात आणि विषय संपतो. आज सकाळी वहिनी म्हणाल्या, "भावजी, आठवड्यात तिसऱ्यांदा इस्त्रीचा शर्ट? रस्ते खात्यात तर दोरीवरचा ओढून जायचात." मी म्हटलं, रुग्णालय आहे, स्वच्छता लागते. वहिनी "लागते बाई" म्हणाल्या आणि उगाचच हसत आत गेल्या. नवे मोजेही आणले आहेत.

गुरुवार, २० फेब्रुवारी

जुन्या खाटांचा पुरवठादार भेटायला आला. बूट चकचकीत, केस चकचकीत, बॅगही चकचकीत. हँडलची खाट कशी टिकाऊ असते, पायाने दाबायच्या पट्ट्या कशा आठ दिवसांत मोडतात, हे त्याने गोड आवाजात समजावलं. शेवटी म्हणाला, "साहेब, नर्सेस काय, आज हे मागतील, उद्या ते मागतील. तुम्ही त्यांच्या किती मागे लागणार?" मी विचारलं, तुम्ही कधी त्या खाटेवर झोपला आहात का? तो हसला. मी हसलो नाही, म्हणून मग तोही थांबला. जाताना बॅगेतून एक खोकं काढून टेबलावर ठेवलं. ते शिपायाकरवी त्याच्या गाडीपर्यंत पोचतं केलं.

हे मेट्रनबाईंना सांगायला वर गेलो. चहा आला. माझ्या चहात साखर नव्हती. मी साखर घेत नाही, हे मी कधी बोललो होतो ते आठवत नाही. त्यांच्या टेबलाशी आता दुसरी खुर्ची आहे. पूर्वी एकच असायची.

स्टोअरकीपरने न विचारता माहिती दिली : बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी लग्न होऊन परगावी असते. कामाशी संबंध नाही, तरी नोंद केली.

बुधवार, २६ फेब्रुवारी

आज वाईट झालं. पुरुषांच्या वॉर्डात एका खाटेच्या हँडलचा दांडा तुटला आणि उचललेली पाठ एकदम खाली आली. खाटेवरच्या आजोबांना धक्का बसला, पण टाके शाबूत राहिले. सांध्यात बोटं अडकली ती एका तरुण सिस्टरची. दोन बोटं ठेचली.

मी पोचलो तेव्हा मेट्रनबाई तिचा हात धरून बसल्या होत्या. आवाज नेहमीसारखाच, सूचना नेहमीसारख्याच. सिस्टरला क्ष-किरणासाठी नेल्यावर त्या भांडाराच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी बाहेर उभा राहिलो. आत जावं की नाही, याला काही नियम नाही. थोड्या वेळाने बाहेर आल्या, चेहरा धुतलेला. मला बघून म्हणाल्या, "तुम्ही इथेच होतात?"

"हो."

"बरं केलंत."

मी काहीच केलं नव्हतं.

सोमवार, ३ मार्च

निविदा प्रसिद्ध झाली. पायाने उचलायची सोय, चारही चाकांना ब्रेक, आणि वॉर्डातल्या नर्सनी प्रत्यक्ष वापरून बघितल्यावरच निवड. ही शेवटची अट माझी. अशी खाट बनवणारे बरेच कारखाने आहेत याची खात्री आधीच करून घेतली आहे.

मेट्रनबाई मुलीकडे गेल्या आहेत, चार दिवस रजा. वॉर्डात जाऊन आलो. काम नव्हतं.

शुक्रवार, १४ मार्च

अधीक्षकांनी बोलावून घेतलं. ते रुग्णालयाचे प्रमुख, मुळात सर्जन. बोलतानाही कापल्यासारखं बोलतात. निनावी तक्रार आली आहे. चार मुद्दे. एक, वर्णन एकाच कारखान्यासाठी लिहिलं. दोन, हँडलची खाट मुद्दाम वगळली. तीन, निवडीची अट नियमबाह्य. चार, "खरेदी अधिकारी आणि मेट्रन यांचे परस्परांशी घनिष्ठ संबंध असून त्यातूनच सदर वर्णन जन्मास आले आहे."

"जन्मास आले" ही शब्दरचना मला बरी वाटली नाही.

"पहिल्या तिन्हींची उत्तरं तुमच्याकडे असतील," अधीक्षक म्हणाले. "चौथ्याचं काय?"

"निराधार आहे."

ते माझ्याकडे बघत राहिले, जसं एक्स-रेच्या फिल्मकडे बघतात. मग म्हणाले, "लेखी द्या."

मंगळवार, १८ मार्च

पहिल्या तीन मुद्द्यांचा खुलासा एका बैठकीत झाला. कारखान्यांची नावं, अपघाताचा अहवाल, नियमाचं कलम, सगळं जोडलं. चौथ्यावर दिवस गेला. "संबंध नाही" लिहिलं, पण रोज भेटणाऱ्या माणसाशी संबंध नाही कसं म्हणणार? "केवळ कार्यालयीन" लिहिलं, तर "केवळ" कुठेतरी खटकला. तो काढला तर वाक्य लंगडं झालं. पुन्हा घातला.

वहिनींनी कागद वाचला आणि परत दिला. म्हणाल्या, "भावजी, तीन मुद्दे तुम्ही लिहिलेत. चौथा कोणी लिहून दिला?"

मीच लिहिला आहे. वहिनींना सरकारी भाषेची सवय नाही.

बुधवार, २६ मार्च

चौकशी झाली. मुख्यालयातून अधिकारी आले होते. सर्दी झालेले, सारखा रुमाल हातात. आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं.

"तुम्ही वॉर्डात वारंवार जात होता?" त्यांनी मला विचारलं.

"हो."

"कशासाठी?"

"मोजमापासाठी."

"मोजमाप एकदा घेतलं की पुरतं ना? खाटा काय रोज वाढतात?"

"खात्री करून घेण्यासाठी," असं म्हणालो. मेट्रनबाई खिडकीबाहेर बघत होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते. बहुधा खोकला.

मग त्यांना विचारलं, "बाई, तुमचा आणि यांचा संबंध काय?"

"आजपर्यंत कामाचा."

"आजपर्यंत म्हणजे?"

"तुम्ही आजपर्यंतचंच विचारताय ना? पुढचं मी आत्ता कसं लिहून देऊ?"

अधिकाऱ्यांनी रुमाल खाली ठेवला. मग त्यांनी विषय बदलून चाकांबद्दल विचारलं.

हे उत्तर अनावश्यक होतं. आपली बाजू भक्कम असताना अशी फट ठेवायची गरज नव्हती. बाहेर आल्यावर मी तसं बोललोही. मेट्रनबाई जिन्यावर थांबल्या, वळल्या आणि म्हणाल्या, "साहेब, तुम्हाला डांबर म्हणतात ते काही खोटं नाही." आणि भराभर वर गेल्या.

घरी येऊन वहिनींना सांगितलं, की चौकशीत माणसाने शब्द कसे जपून वापरले पाहिजेत. वहिनी हातातलं काम टाकून उठल्या. "भावजी, परत सांगा. तिच्याच शब्दांत." सांगितलं. त्यांनी दादाला हाक मारली. दादाने टीव्ही बंद केला. तिसऱ्यांदा सांगितलं.

"आणि तुम्ही काय म्हणालात?" वहिनी.

"चौकशीवर परिणाम होईल म्हणालो."

दादाने टीव्ही पुन्हा लावला.

सोमवार, ३१ मार्च

निकाल आला : तक्रारीत तथ्य नाही. पुढच्या सोमवारी समितीपुढे निविदा उघडून नमुन्यांची चाचणी घ्यायची. समितीत अधीक्षक, हिशेबनीस, मेट्रन आणि मी. स्टोअरकीपरने समितीच्या नेहमीच्या निवेदनाच्या प्रती काढून आणल्या. सगळ्या नोकरीत या निवेदनावर मी न वाचता सही करत आलो. आज वाचलं. "निविदाकार अथवा समितीतील कोणाही व्यक्तीशी माझे वैयक्तिक हितसंबंध नाहीत."

पेन उघडलं होतं. ते तसंच ठेवलं.

बरीच वर्षं मी अशी समजूत करून घेतली होती की काही गोष्टी माझ्या वाट्याच्या नाहीत. दुःख म्हणून नव्हे. काही दुकानांत आपण जात नाही, तसं. आज ती समजूत तपासून पाहिली. आधार सापडला नाही.

पेनाचं टोपण लावलं आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. स्टोअरकीपर म्हणाला, "राहू दे साहेब, घाई नाही." त्याचा आवाज इतका मऊ मी कधी ऐकला नव्हता.

बुधवार, २ एप्रिल

दुपारी वर गेलो. मेट्रनबाई कपड्यांच्या खोलीत एकट्या होत्या, धुऊन आलेल्या चादरी तपासत.

"सोमवारी मला एका निवेदनावर सही करायची आहे," मी म्हणालो. "ते खोटं ठरू नये म्हणून आलो."

"काय आहे त्यात?"

"समितीतल्या कोणाशी माझे वैयक्तिक हितसंबंध नाहीत, असं."

"मग करा की सही."

"नाही करता येत."

त्यांच्या हातातली चादर अर्धी उलगडलेली तशीच राहिली. बाहेर ट्रॉली गेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं.

"हे तुम्ही मला विचारताय की कळवताय?"

"माझ्यापुरतं कळवतोय. तुमच्यापुरतं विचारतोय."

त्या हसतील असं वाटलं होतं. हसल्या नाहीत. चादरीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. आम्ही ती चादर घडी केली. मी उलट्या बाजूने दुमडली, त्यांनी ती सोडवून पुन्हा केली. मग एकदम चिडल्या.

"आणि खाटा? तुम्ही बाजूला झालात की मलाही व्हावं लागेल. आत उरलं कोण? अधीक्षक आणि हिशेबनीस! दोघांनी जन्मात कोणाला खाटेवर उठवून बसवलेलं नाही. तो चकचकीत माणूस पुन्हा ती हँडलवाली गळ्यात मारेल. आधी खाटा येऊ द्या. इतकी वर्षं गेली, दोन महिन्यांनी काय बिघडतं?"

"सही खोटी होईल."

"कोणाला कळणार आहे?"

"वहिनींना. दादाला. चौकशी अधिकाऱ्यांना. स्टोअरकीपरला तर माझ्या आधी कळलंय."

आता हसू आलं त्यांना, पण राग गेला नव्हता. म्हणून सगळं नीट सांगितलं. मागची तक्रार खोटी होती म्हणून टिकली नाही. आज सही केली आणि उद्या कोणी पुन्हा तक्रार केली तर ती खरी असेल. खरेदी रद्द होईल, आलेल्या खाटा परत जातील आणि पेशंट पुन्हा जुन्या खाटांवर. आत्ता बाजूला झालो तरच खाटा वाचतात. वर्णन प्रसिद्ध झालेलं आहे, ते आता कोणी बदलू शकत नाही. वापरून बघायची अटही कायम आहे.

"माझ्या जागी कोण जाणार?"

"ते तुम्ही सुचवायचं."

त्यांनी क्षणभरही विचार केला नाही. "ती. बोटं ठेचलेली."

मी जायला निघालो. दाराशी पोचल्यावर त्या मागून म्हणाल्या, "माझ्यापुरतं विचारलंत ना? 'हो' लिहून घ्या."

सोमवार, ७ एप्रिल

समिती बसली. चाचणीचे नमुने भिंतीला लावलेले, बाहेर पुरवठादार ताटकळत. काम सुरू होण्याआधी मी उभा राहिलो आणि म्हणालो, की मेट्रनबाईंशी माझा वैयक्तिक हितसंबंध आहे, सबब मी या खरेदीतून बाजूला होतो. त्यांनीही तेच सांगितलं, माझ्यापेक्षा कमी शब्दांत.

हिशेबनिसांच्या हातून पेन्सिल पडली. अधीक्षक म्हणाले, "हितसंबंध कुठल्या स्वरूपाचा? नोंदीसाठी विचारतोय."

"वैयक्तिक. पुढे कौटुंबिक होण्याची शक्यता आहे."

"तारीख?"

"अजून प्रसिद्ध झालेली नाही," मेट्रनबाई म्हणाल्या.

अधीक्षकांनी चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग कामाचं बोलले. मी खरेदीतून धुलाई आणि साफसफाईच्या कंत्राटांकडे. मेट्रनबाई या महिन्याअखेर नर्सिंगच्या शाळेत. एकाच साखळीत दोघांना ठेवता येणार नाही. नियम बरोबर आहे. पण नव्या खाटा येतील तेव्हा त्या या वॉर्डात नसतील, हे ऐकताना त्यांनी मान खाली घातली, ती मला दिसली.

आम्ही बाहेर आलो आणि दार बंद झालं. व्हरांड्यात लाकडी बाक आहे, त्यावर बसलो. आत चाकं फिरल्याचे, पट्टी दाबल्याचे आवाज येत होते. चकचकीत माणसाचा गोड आवाज हळूहळू चढत गेला. मग त्या सिस्टरचा, स्पष्ट : "अहो, पण तुम्ही झोपा ना यावर. बूट काढा आधी."

त्यानंतर गोड आवाज ऐकू आला नाही.

मेट्रनबाईंचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते. मी काहीतरी बोलायला हवं होतं. इतक्या दिवसांत आम्ही चाकं, कठडे, ब्रेक आणि गाद्या याखेरीज काही बोललोच नव्हतो. आता तेही बोलायचा अधिकार राहिला नव्हता.

"तुम्हाला पोहता येतं?" त्यांनी विचारलं.

"नाही. का?"

"सहजच. मला येतं. कोणी कधी विचारलं नाही."

मग मी विचारलं, कुठे शिकलात. त्या सांगू लागल्या. विहीर, मोठा भाऊ, पाठीला बांधलेला रिकामा डबा, आणि आईने काठावरून घातलेल्या शिव्या. मी मध्येच विचारत गेलो, त्या आणखी सांगत गेल्या.

केव्हातरी दार उघडून स्टोअरकीपर बाहेर आला. पायाच्या पट्टीची खाट पास झाली, म्हणाला. एका नमुन्याचा ब्रेक उतारावर सरकला म्हणून तो बाद, हँडलवाला तर आधीच बाद. सिस्टरने एका हाताने पेशंट धरून पायाने खाट उचलून दाखवली, अधीक्षकांना स्वतः झोपवून. "काम झालं साहेब," तो म्हणाला. "आता कोणी थांबायची गरज नाही."

मेट्रनबाईंनी डोळे मिटून एक लांब श्वास सोडला. स्टोअरकीपर आमच्याकडे एकदा बघून आत गेला आणि दार हळूच ओढून घेतलं.

आम्ही दोघंही उठलो नाही. मी विचारलं, "मग डबा सोडून पहिल्यांदा पोहलात, तेव्हा काय झालं?"